आमोण्याची वाट आणि न लागणारा सेल्फ

गेल्या वर्षी चवथीला मोटरसायकलने आमोण्याला जायचं, हे मी मे महिन्यातच घरात जाहीर केलं होतं. आमोणे म्हणजे माझ्या आईचं माहेर. गोव्याच्या डिचोली तालुक्यात, मांडवीच्या काठावर. आईने नेहमीप्रमाणे "बसने जा रे बाबा" म्हणून पाहिलं. बाबांनी फक्त एवढंच विचारलं, "सेल्फचं काम झालं का तुझ्या?"

मुद्दा तोच होता. आठ वर्षांची माझी दीडशे सीसीची गाडी महिनाभर नखरे करत होती. बटण दाबलं की "टक्" असा एकच आवाज यायचा आणि पुढे काही नाही. पुन्हा दाबलं की पुन्हा "टक्". पाचव्या-सहाव्या वेळी अचानक काही घडलंच नाही अशा थाटात इंजिन सुरू व्हायचं. माझ्या गाडीला किक नाही. सेल्फ रुसला की एकच उपाय: दुसरा गिअर टाका, क्लच धरा, पळत धक्का द्या आणि क्लच सोडा.

बंगळुरूत आमच्या भागातल्या एका गॅरेजात दाखवलं. त्यांनी बॅटरी बदलली. दोन आठवडे सगळं सुरळीत चाललं आणि मग पुन्हा "टक्". मग ते म्हणाले, अख्खी सेल्फ मोटर बदलावी लागेल, साडेतीन-चार हजार. मी म्हटलं, आल्यावर बघू. आणि तसाच निघालो.

त्या प्रवासात मी एक नवीन गोष्ट शिकलो: उतार ओळखणं. चहाला थांबायचं तर टपरी कशी आहे हे बघायचं नाही, टपरीपुढचा रस्ता कुठल्या बाजूला कलतो ते बघायचं. पहिला मुक्काम बेळगावात केला. दुसऱ्या दिवशी जांबोटीमार्गे चोर्ला घाट. पाऊस, धुकं, रस्त्याच्या कडेने वाहणारे ओहोळ. घाटात उताराची चंगळ होती, त्यामुळे तिथे मी निर्धास्त थांबलो, फोटोही काढले. घाट उतरून केरी, मग वाळवंटीच्या काठची सांखळी. तिथे पेट्रोल भरल्यावर गाडी पहिल्याच बटणाला सुरू झाली. मला वाटलं, गोव्याची हवा मानवली. पण आमोण्याच्या तिठ्यावर नारळपाणी प्यायला थांबलो आणि "टक्". सपाट रस्ता. मामाच्या घरापर्यंतचा शेवटचा टप्पा मी गाडी ढकलत, रेनकोटच्या आत घामाने भिजून पार केला.

मामा सोप्यावर खुर्ची टाकून बसला होता. डोळ्यांवर मोठा काळा चष्मा. "कितें जालें रे? पेट्रोल संपलं?"

"नाही मामा, सेल्फ लागत नाही."

"हां," तो म्हणाला आणि मला स्पष्ट दिसलं की त्याच्या चेहऱ्यावर आनंद झाला.

त्या आनंदाचं कारण सांगायला हवं. मामाने पंचवीस वर्षं बार्जवर इंजिनाचं काम केलं. आमोण्याच्या आसपास मांडवीच्या काठावर लोहखनिज भरण्याचे धक्के आहेत. खाणींतून ट्रकने खनिज यायचं, बार्जमध्ये भरलं जायचं आणि मांडवीतून मुरगाव बंदराकडे जायचं. लहानपणी आम्ही भावंडं नदीकाठी उभी राहून बार्ज मोजायचो. मग सप्टेंबर २०१२ मध्ये गोव्यातल्या खाणी बंद झाल्या. २०१४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अटी घालून परवानगी दिली, आणि फेब्रुवारी २०१८ मध्ये ८८ खाणींचे परवाने रद्द झाले. आपण हे आकडे वर्तमानपत्रात वाचतो. आमोण्यात त्याचा अर्थ असा की मामासारखी कितीतरी कर्ती माणसं एकाएकी घरी बसली. खाणींच्या धुळीने आणि गाळाने शेतं बिघडली म्हणून वैतागलेले लोकही त्याच गावात होते, आणि त्यांचंही खोटं नव्हतं. मामाने मग घराच्या बाजूच्या पडवीत स्कूटर-मोटरसायकली दुरुस्त करायला सुरुवात केली. हात चांगला, बोलणं थोडं, त्यामुळे काम चाललं.

पण मी पोचलो त्याच्या आठच दिवस आधी त्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं होतं. डॉक्टरांनी सांगितलं होतं: वाकायचं नाही, धूळ नको, जड उचलायचं नाही. मामीने पडवीला कुलूप लावून किल्ली कमरेला खोचली होती.

"मी हात लावणार नाही," मामाने मामीला सांगितलं. "हा करील. मी फक्त बसून सांगीन."

"मला यातलं काही येत नाही," मी म्हणालो.

"म्हणूनच सांगतोय ना, पूता."

दुसऱ्या दिवशी तय होती, म्हणजे चवथीच्या आदला दिवस. घरात मामी आणि मावशी नेवऱ्यांच्या तयारीत. सोप्याच्या वर माटोळीची लाकडी चौकट टांगलेली, अजून रिकामी. आम्ही गाडी पडवीत घेतली. मामा खुर्चीवर, मी जमिनीवर.

"दाब बटण."

"टक्."

"आता मला सांग, या 'टक्'मधून काय कळलं?"

"बिघडलाय, एवढं कळलं."

"नाही. 'टक्'मधून काय काय बिघडलेलं नाही, ते कळलं."

मग त्याने समजावलं. सेल्फला वीज फार लागते. हेडलाइटला तीन-चार अँपिअर पुरतात, तर छोट्या मोटरसायकलचा सेल्फ सुरुवातीच्या क्षणी पन्नास-शंभर अँपिअरपर्यंत ओढू शकतो. एवढी वीज अंगठ्याएवढ्या बटणातून नेली तर बटण जळून जाईल. म्हणून बटण फक्त रिलेला इशारा देतं. रिलेच्या आतलं चुंबक दोन जाड टोकं जोडतं आणि बॅटरीची वीज थेट मोटरकडे जाते. "टक्" हा त्या जोडणीचा आवाज. म्हणजे फ्यूज, किल्ली, बटण, क्लचचा स्विच, साइड स्टँडचा स्विच, हे सगळं ठीक आहे. आवाजच आला नसता तर तिकडे शोधायचं. "टकटकटकटक" असा घाईघाईने आला असता तर बॅटरी उतरलेली. आणि आत मोटर गरगर फिरली पण इंजिन ढिम्म राहिलं असतं, तर मोटर आणि इंजिन यांना जोडणारा वन-वे क्लच गेलेला.

"आता हेडलाइट लाव. बटण दाब आणि लाइटकडे बघ. मंद झाला?"

"नाही. जवळजवळ तेवढाच आहे."

"मग वीज जातेय का मोटरीत?"

मी विचार केला. शंभर अँपिअर ओढले गेले असते तर दिवा नक्कीच मंद झाला असता. "नाही जात."

"बरोबर. बॅटरी कमजोर असती किंवा मोटर जाम असती, तर दिवा एकदम बसला असता. म्हणजे वाट कुठेतरी तुटलीय. आता कुठे, ते शोधायचं."

मामीने दिलेल्या किल्लीने कपाट उघडून मी मल्टिमीटर काढला. बॅटरी १२.६ व्होल्ट, भरलेली. बटण दाबलं तरी १२.५. मोटरच्या तारेच्या टोकाशी मोजलं, बटण दाबल्यावर तिथेही १२.५. म्हणजे रिले पार करून व्होल्टेज मोटरच्या दारापर्यंत पोचत होतं. मग काळी पिन बॅटरीच्या ऋण टोकाला आणि लाल पिन मोटरच्या अंगाला. बटण दाबलं: शून्य. म्हणजे अर्थिंगही ठीक. वीज दारापर्यंत येत होती, पण घरात शिरत नव्हती.

"आता स्क्रू-ड्रायव्हरच्या मुठीने मोटरच्या अंगावर हलकेच टपली मार, आणि मारतानाच बटण दाब."

टक्, टपली, आणि इंजिन सुरू झालं. मी उडालोच. शेजारचे काका कुंपणापलीकडून म्हणाले, "झालं काम!"

"काम झालं नाही, ब्रश अडकलाय एवढं कळलं," मामा म्हणाला.

बंगळुरूत बॅटरी बदलल्यावर गाडी का सुरू झाली, तेही मग उलगडलं. गाडी हलवताना, ठोकाठोक करताना ब्रश जरा सरकला असणार आणि श्रेय गेलं नव्या बॅटरीला. सांखळीलाही तसंच झालं. घाटातल्या खड्ड्यांनी टपली मारण्याचं काम केलं होतं, गोव्याच्या हवेने नव्हे.

मोटर बाहेर काढणं वाटलं तेवढं अवघड नव्हतं. पहिल्यांदा बॅटरीची ऋण तार सोडायची, हा पहिला नियम, कारण पाना चुकून दोन ठिकाणी टेकला तर ठिणगी उडते. मग मोटरची जाड तार, मग दोन बोल्ट, आणि मोटर हलवत हलवत बाहेर ओढायची. तिच्या तोंडावरचं रबरी ओ-रिंग काचेच्या बांगडीसारखं कडक झालं होतं. उघडण्याआधी मामाने तिच्या अंगावर दोन्ही झाकणांना जोडणाऱ्या बारीक रेघा ओढायला लावल्या. "जोडताना या रेघा जुळल्या पाहिजेत. नाहीतर झाकण चुकीच्या कोनात बसतं."

झाकण उघडलं तर आतून काळी भुकटी सांडली. शेजारचे काका एव्हाना आत येऊन बसले होते. "आमच्या आमोण्याची माती," ते ठामपणे म्हणाले. इथे काहीही बिघडलं की लाल धुळीवर ढकलायची सवय आहे.

"माती लाल असते, ही काळी," मामा म्हणाला. "हा ब्रशचा कार्बन आहे. पण ते हिरवट काय दिसतंय रे, तारेच्या बोल्टापाशी? मला नीट दिसत नाही."

मी बघितलं. तांब्यावर हिरवी कळा, आणि आतल्या चुंबकांना चिकटलेले गंजाचे कपचे. मामाने चष्म्याआडून माझ्याकडे बघितलं. "गाडी कशी धुतोस?"

दर रविवारी प्रेशर वॉशने धुतो, हे मी अभिमानाने सांगितलं. मग माझं मलाच उमगलं. पाण्याचा तो फवारा मी चकाचक दिसावं म्हणून इंजिनावर अगदी जवळून मारून घ्यायचो. पाणी बोल्टाच्या सीलमधून आत गेलं, कार्बनच्या भुकटीशी मिसळून त्याचा लगदा झाला आणि त्यात ब्रश आपल्या खोबणीत रुतून बसला. दोन ब्रशपैकी एक अजून बरा होता. दुसरा झिजून इतका आखूड झाला होता की स्प्रिंग त्याला पुढे ढकलूच शकत नव्हती.

या ब्रशांचं काम सोपं पण कष्टाचं. मोटरीतला आर्मेचर फिरतो, तार मात्र फिरू शकत नाही. म्हणून कार्बन आणि तांब्याचे दोन ठोकळे स्प्रिंगने आर्मेचरच्या तांब्याच्या पट्ट्यांवर, म्हणजे कम्युटेटरवर, दाबून धरलेले असतात. ते घासत राहतात आणि वीज आत जात राहते. घासलं की झिजणार.

"बेताळाच्या वहाणांसारखं," काका म्हणाले.

आमोण्याचं दैवत बेताळ. बेताळ रात्री गावाची राखण करत फिरतो आणि त्याच्या वहाणा झिजतात, म्हणून काही ठिकाणी भक्त त्याला नव्या वहाणा वाहतात, अशी गोव्यातली जुनी श्रद्धा आहे.

"तेच," मामा म्हणाला. "वहाण झिजली म्हणून कोणी बेताळ बदलत नाही. तुझ्या गॅरेजवाल्यांनी अख्खी मोटर बदलायला सांगितली."

ब्रश आणायला मी काकांची स्कूटर घेऊन माशेलला गेलो. आमोण्याहून मांडवीवरचा पूल ओलांडला की खांडोळे, आणि पुढे माशेल. पुलावर क्षणभर थांबलो. नदी भरतीने तुडुंब, काठावर खनिजाचे धक्के आणि पिग आयर्नच्या कारखान्याच्या चिमण्या, दुसरीकडे माडांच्या रांगा. नदीत एकच बार्ज होती, धक्क्याला बांधलेली.

माशेलच्या बाजारात पाय ठेवायला जागा नव्हती. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना माटोळीचं सामान: ओल्या सुपारीचे घड, नारळाच्या पेंडी, आंबाडे, तोरिंगे, काकड्या, आणि रानातून आणलेली कितीतरी फळं ज्यांची नावं मला आजही येत नाहीत. मामीची यादी एका खिशात आणि जुना ब्रश दुसऱ्या खिशात. माझ्या गाडीचा ब्रश कुठेच नव्हता. एका दुकानदाराने मिक्सरचा ब्रश पुढे केला. "मापाला बसेल घासून." मी मामाला फोन लावला.

"रंग कसा आहे?"

"काळा."

"नको. सेल्फचा ब्रश तांबूस दिसतो. त्यात तांबं जास्त असतं, म्हणून एवढी वीज झेपते. मिक्सरचा निव्वळ कार्बन, त्यातून शंभर अँपिअर जायचे नाहीत. कुठल्याही स्कूटरच्या सेल्फचा माग. मोठा चालेल, लहान नको."

तिसऱ्या दुकानात मिळाला, एका स्कूटरचा, थोडा जाड. पैसे शंभरच्या आत. नवीन ओ-रिंगही घेतलं. माटोळीच्या पिशव्यांपुढे माझी ती पुडी एवढीशी होती.

दुपारी उरलेलं काम. जुना ब्रश खोबणीतून सोडवला, खोबण पुसली. नवा ब्रश पॉलिश पेपरवर सगळ्या बाजूंनी घासून मापाला आणला. खोबणीत तो आपल्या वजनाने सहज सरकला पाहिजे, अडकता कामा नये. मामाने तीनदा परत पाठवला. कम्युटेटर बारीक पॉलिश पेपरने स्वच्छ केला, पट्ट्यांमधल्या फटीत साचलेली भुकटी हॅकसॉच्या तुटक्या पात्याने काढली. मल्टिमीटरने तपासलं: शेजारच्या दोन पट्ट्यांमध्ये मीटर वाजला पाहिजे, पट्टी आणि मधला दांडा यांच्यात वाजता कामा नये. दोन्ही बरोबर. मग डाग देणं. माझ्या हातून पहिला डाग सुटला. दुसराही. मामा खुर्चीतून अर्धा उठला आणि आतून मामीचा आवाज आला, "बसा!" तो बसला. "तार आधी तापव, मग कथील लाव. कथील तापवून तारेवर ओतू नकोस." तिसरा डाग बसला.

जोडलेली मोटर त्याने पायाखाली दाबून धरायला लावली आणि बॅटरीच्या तारा क्षणभर टेकवायला सांगितल्या. ती मांजरासारखी उसळली आणि फिरली. दंडगोलाएवढ्या डब्यात एवढी ताकद कुठून येते, असं मी विचारलं. मामा म्हणाला, बार्जच्या इंजिनालाही असाच सेल्फ, फक्त मोठा. आणि दोन्हींचा नियम एकच. पाच सेकंदांपेक्षा जास्त दाबायचं नाही, नाही लागलं तर थोडं थांबायचं. परत आल्यावर मी वाचलं तेव्हा त्यामागची गंमत कळली. अमेरिकेतल्या चार्ल्स केटरिंगने १९१२ च्या कॅडिलॅक मोटारीसाठी इलेक्ट्रिक स्टार्टर बनवला. त्याआधी तो दुकानातल्या कॅश रजिस्टरसाठी विजेची मोटर बनवत होता. त्याच्या लक्षात आलं होतं की काम काही सेकंदांचंच असेल, तर छोट्या मोटरीकडूनही मोठं काम करून घेता येतं. फक्त तिला मग विसावा द्यायचा. मोटरसायकलवर हा प्रयोग अमेरिकेतल्या इंडियन कंपनीने १९१४ मध्ये केला, पण तेव्हाच्या बॅटऱ्या टिकल्या नाहीत. आपल्याकडे घराघरांत बटण पोचलं ते १९८४ च्या किनेटिक होंडापासून. माझ्या आईची पहिली गाडी तीच.

संध्याकाळी मोटर जागेवर बसली. नव्या ओ-रिंगला ग्रीसचं बोट, दोन बोल्ट, जाड तार, आणि सर्वांत शेवटी बॅटरीची ऋण तार.

"दाब."

"टक्" ऐकूच आलं नाही. इंजिन लगेच लागलं. बंद केलं, पुन्हा लावलं. दहा वेळा केलं. मामी पीठ लागलेल्या हातांनी दारात येऊन उभी राहिली. "आता आणखी किती वेळा?" मामा हसत होता. चष्म्याआडून डोळे दिसत नव्हते, पण त्याने पडवीभर नजर फिरवली ते मला कळलं. मग म्हणाला, "बघितलंस, मी हात लावला नाही."

रात्री आईचा फोन आला. तिला आधीच सगळं माहीत होतं. मामाने तिला दुपारपासून चार फोन केले होते. "महिनाभराने इतकं बोलला तो," आई म्हणाली.

तुमच्यापैकी कोणाची गाडी असं करत असेल तर क्रम लक्षात ठेवा. आवाज ऐका, मग दिवा बघा, मग बॅटरीपासून मोटरपर्यंत एकेक पायरी मोजत जा, आणि वीज कुठे थांबली ते कळेपर्यंत काही विकत घेऊ नका. हात लावायला भीती वाटली तरी निदान दुकानदाराला योग्य प्रश्न विचारता येतील.

चवथीला दीड दिवसाच्या गणपतीचं विसर्जन झालं आणि तिसऱ्या दिवशी सकाळी मी निघालो. गाडी मुद्दाम अंगणात सपाट जागेवर लावली होती. बटण दाबलं, लागली. मामा तुळशीपाशी उभा होता.

"पाईप लांबून धर," तो म्हणाला. "आणि पोचलास की फोन कर. सेल्फ कसा लागतो ते सांग."